बारा वेळा तू

सकाळची शाळा सुटून मी घरी आले होते, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात आमच्या शाळेचा शिपाई मारुती दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात टोपी होती. मारुती टोपी कधी काढत नाही. "बाई, गुंडला सर गेले की वो…" एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मी स्टोव्ह विझवला. 

दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना इस्पितळात भेटून आले होते. कावीळ उलटली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, आवाज बसलेला, पण बोलायची पद्धत तीच, वर्गात फळ्यावर वाक्य लिहून झाल्यावर मागे वळून बोलावं तशी. "बाई," ते म्हणाले, "मी गेलो की ते सांगून टाका. त्याच्या तोंडावर सांगा. चारचौघांत." मी म्हटलं, "बरे व्हा आणि तुम्हीच सांगा." ते हसले. "माझ्यात धाडस कधीच नव्हतं हो. नुसतं व्याकरण होतं."

या गोष्टीला सव्वा महिना झाला. अशा लेखात गेलेल्या माणसाच्या चांगुलपणाविषयी लिहायची रीत आहे, आणि राजेशम गुंडला चांगले होतेच, त्यांच्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही मुलाला विचारा. पण मी त्यांच्या सुडाविषयी लिहिणार आहे. तो पुरा व्हायला पाच वर्षं लागली, आणि त्याचा शेवटचा भाग माझ्या वाट्याला आला. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ते आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. मी तिथं मराठी शिकवत होते. वय तिशीच्या आसपास, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, अंगात पांढरा बुशशर्ट. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील नरसय्या एका कारखान्यात जेकार्डच्या मागावर काम करायचे, म्हणजे ज्या मागावर भिंतीवर टांगायचे नक्षीचे पडदे, त्यातले मोर, देवादिकांची चित्रं, अक्षरं विणतात, त्या मागावर. त्या कामात नरसय्यांचा हात धरणारा दुसरा माणूस त्या कारखान्यात नव्हता.

इंग्रजी त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळकरी वयात रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी प्रार्थनेचं पुस्तक सापडलं, पुठ्ठा नसलेलं, पहिली वीस पानं गायब. मागांच्या खडखडाटात बसून या मुलानं ते पाठ केलं. त्यात जिथं तिथं 'यू'च्या जागी 'दाऊ' होता. दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ शॅल्ट. त्यांना वाटलं, इंग्रजी अशीच असते. मग मॅट्रिकच्या वर्षी मित्राला पत्र लिहा असा प्रश्न आला, तेव्हा यांनी लिहिलं, "दाऊ हॅस्ट नॉट रिटन टू मी." मास्तरांनी ते पत्र वर्गापुढं मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग हसून लोळला. पुढं वर्षभर मुलं त्यांना 'पाद्री' म्हणून हाक मारत होती.

ही हकिकत त्यांनीच मला शिक्षकांच्या खोलीत सांगितली, हसत हसत. "सगळे का हसले ते मला कळलं नव्हतं बाई. म्हणून मग मी त्या हसण्याचा अभ्यास केला." तो अभ्यास त्यांनी बारा-पंधरा वर्षं केला. एम. ए. झाले. जुन्या इंग्रजीतली ती क्रियापदं त्यांना अशी येत होती की झोपेतून उठवून विचारलं तरी रूप चुकणार नाही. दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही, असं ते नववी-दहावीच्या मुलांना सांगायचे. "एके काळी इंग्रजांतही दोन्ही होते. पोराला, नोकराला, जिवलग माणसाला दाऊ. मोठ्या माणसाला यू. पुढं त्यांनी सरसकट सगळ्यांना तुम्ही म्हणायला सुरुवात केली आणि तू विसरून गेले. राहिला तो फक्त प्रार्थनेत, कारण देवाला तेही आपल्यासारखंच तू म्हणतात. आता प्रार्थनेत ऐकू येतो म्हणून लोकांना वाटतं, दाऊ फार भारदस्त शब्द आहे."

एकदा मधल्या सुट्टीत मी दहावीच्या वह्या तपासत होते. ते समोर येऊन बसले, माझ्या हातातली लाल पेन्सिल मागून घेतली आणि रद्दी कागदावर दोन ओळी लिहिल्या. वर मराठी: आहेस, केलंस, जाणतोस. खाली इंग्रजी: हॅस्ट, डिड्स्ट, नोएस्ट. "बघा बाई. तुमच्याकडं तू आला की क्रियापदाच्या शेवटी स येतो. यांच्याकडंही तोच स. समुद्र ओलांडून सारखाच." मी वीस वर्षं मराठी शिकवत होते. हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली असं म्हणायला हरकत नाही. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर', आणि शेवटपर्यंत एकमेकांना तुम्हीच म्हणत राहिलो.

आता साहेबांविषयी. संस्थेच्या अध्यक्षांना आमच्याकडं सगळे साहेब म्हणतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. वर्तमानपत्रात नाव छापून आलेलं त्यांना फार आवडतं. माळशिरसकडची बागायती, शहरात बंगला, आणि आमची शाळा, जी त्यांना बंगल्याच्या आवारासारखीच वाटायची. साहेब सगळ्यांना तू म्हणत. शिपायाला तू, कारकुनाला तू, पदवीधर शिक्षकाला तू, त्याच्या वर्गातल्या मुलांसमोर तू. "अरे ए, तू कुटं निघालास?" लोक म्हणायचे, साहेबांचा स्वभावच मोकळा. मीही बरेच दिवस तसंच म्हणत होते. मग एकदा लक्षात आलं की मला ते कधीच तू म्हणाले नाहीत. माझे वडील मामलेदार होते, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याशी बोलताना "बाई, तुमी बसा की," असं म्हणत आणि खुर्ची पुढं करत. म्हणजे साहेबांना तुम्ही हा शब्द येत होता.

गुंडला सरांना येऊन वर्ष झालं होतं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्या वर्षी त्यांनी तयार केलेल्या दोन मुलांनी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला आणि दुसरा क्रमांक मिळवला, म्हणून स्नेहसंमेलनात सरांचा सत्कार ठरला. कार्यक्रम बघायला नरसय्या आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, कानाच्या पाळीवर कापसाचा बारीक तंतू चिकटलेला, तो काढायचा राहून गेला होता. पालकांच्या तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीवर ते अवघडून बसले होते. मी त्यांच्या दोन खुर्च्या पलीकडं होते.

साहेब व्यासपीठावर आले, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि सभागृहावर नजर फिरवता फिरवता थांबले. "ए म्हाताऱ्या. व्हय, तूच. ऊठ तिथनं. ती खुर्ची पाव्हण्यांची हाय." कर्ण्यातून ते शब्द बाहेर पटांगणापर्यंत गेले. नरसय्या आजूबाजूला बघायला लागले. सर व्यासपीठावर कोपऱ्यात बसले होते, ते उठून म्हणाले, "साहेब, ते माझे वडील आहेत."

"तुजा बाप व्हय?" साहेब हसले. "मग घरचाच की. घरच्याला खुर्ची कशाला लागती? जा रे, मागं सतरंजीवर बस. आन् तू काय उबा ऱ्हायलास? बस खाली."

सभागृह हसलं. साहेब हसले की सभागृह हसायचं, ती सवयच होती. मुलं हसली. मी हसले नाही, पण उठलेही नाही, आणि हे इथं लिहायलाच पाहिजे. रांगेतल्या खुर्च्यांवरची माणसं पाय आखडून घेत होती, त्यांच्यामधून नरसय्या बाहेर पडले, व्यासपीठाकडं बघून त्यांनी हात जोडले आणि मागं मुलांच्यात सतरंजीवर जाऊन बसले. मग सरांचा सत्कार झाला. नारळ, शाल. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी सावरली नाही.

त्यानंतर आठवडाभर सर शिक्षकांच्या खोलीत कुणाशी बोलले नाहीत. राजीनामा देतील असं मला वाटलं. त्यांनी दिला नाही. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. आठव्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मला म्हटलेला तू मी गिळला असता बाई. मला सवय आहे. पण त्यांनी हात जोडले… ते मला गिळता येत नाही."

आणि दुसऱ्या वर्षी साहेबांची एकसष्टी आली. मुख्याध्यापकांनी सर्व शिक्षकांची सभा बोलावली. मुख्याध्यापक म्हणजे भिडस्त, सज्जन, साहेबांसमोर खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसणारा माणूस. स्वतः इंग्रजीचे जुने पदवीधर. साहेबही सभेला हजर होते. त्यांनी कुणा गिरणीच्या मॅनेजरच्या घरी रेशमी कापडावरचं जुनं इंग्रजी मानपत्र पाहिलं होतं आणि तसंच त्यांना हवं होतं, पण त्याहून मोठं. भिंतीवर टांगायचा पडदा, तपकिरी रेशमावर जरीची विणलेली अक्षरं. छापलेलं नको, विणलेलं. "आन् इंग्रजी भारदस्त पायजे," साहेब म्हणाले. "ते दाऊ-बिऊ असतंय का न्हाई, तसलं. साधं यू-बियू नको. यू काय, शिपायालाबी म्हंत्यात."

सगळ्यांनी गुंडला सरांकडं पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, दाऊचा अर्थ…"

"अर्थ मला शिकवू नकोस. दाऊ पायजे."

"नक्की दाऊच हवा?"

"दाऊच."

सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते मला म्हणाले, "तीनदा विचारलं ना मी? तुम्ही साक्षीदार आहात." तोपर्यंत मला काही उमगलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि उमगलं. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की त्याची आजही लाज वाटत नाही.

मजकूर माझ्या घरी तयार झाला, लागोपाठ तीन रविवारी, सकाळच्या वेळी. ते इंग्रजी ओळ लिहायचे, मी शेजारी मराठी करायची, अर्थ नेमका उतरला की नाही ते बघायला. दाऊ हॅस्ट शोन ईच मॅन हिज प्लेस. मी लिहिलं, तू प्रत्येकाला त्याची जागा दाखवलीस. दाऊ नोएस्ट नो ईक्वल. तू कुणाला बरोबरीचा मानत नाहीस. व्हेअर दाऊ सिटेस्ट, नन अदर मे सिट. जिथं तू बसतोस, तिथं दुसऱ्या कुणाला बसता येत नाही. हे लिहिताना माझा हात थांबला. मी वर पाहिलं तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. इंग्रजीत वाचलं तर सगळं स्तुतीचं वाटत होतं. मराठीत वाचलं की अंगावर काटा येत होता. शेवटची ओळ त्यांनी सगळ्यात जपून लिहिली. दाऊ शॅल्ट बी रिमेम्बर्ड ॲज दाऊ डिझर्व्हेस्ट. तुझ्या लायकीप्रमाणे तुझी आठवण राहील.

मग त्यांनी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून पुन्हा तपासलं. शॅल्टच्या जागी विल्ट हवा का, यावर पाऊण तास घालवला. मी म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे?" त्यांना ते आवडलं नाही. "मला कळेल. शिवी द्यायची तर ती व्याकरणशुद्ध पाहिजे. या सभागृहात पुन्हा कुणी माझ्या दाऊला हसता कामा नये."

पडदा विणायचं काम नरसय्यांच्याच कारखान्याकडं गेलं, आणि तिथं त्यांच्याच मागावर. सरांबरोबर मी एकदा दुपारी बघायला गेले होते. चौकटींच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्यांनी मांडलेलं, त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवलेली. खाली तपकिरी रेशमातून जरीचं डी हे अक्षर निम्मं वर आलेलं. नरसय्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांना ती सगळी नक्षीच होती. त्यांनी माग थांबवला, कपाळ पुसलं आणि विचारलं, "काय लिवलंय यात?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. पलीकडचे माग चालू होते, कुणाला ऐकू गेलं नसतं. ते वडिलांच्या कानाशी वाकून मराठीतच म्हणाले, बहुधा मला कळावं म्हणून. "तू आहेस, तू केलंस, तू बसतोस, असं लिहिलंय. साहेबाला."

नरसय्यांना वेळ लागला. मग त्यांनी निम्म्या विणलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला. "समदीकडं तू?"

"सगळीकडं."

"किती येळा?"

"अकरा."

म्हातारा पुढं वाकला. मला वाटलं खोकला आला. तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलवून. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं आणि म्हणाला, "बारा कर की. एक माज्याकडनं."

म्हणून शेवटी खाली एक ओळ वाढली. लाँग मेएस्ट दाऊ सिट. चिरकाल बसून राहा तू. त्या ओळीसाठी नव्या पुठ्ठ्यांना भोकं पाडावी लागली, दोन दिवस जादा गेले, आणि ते काम नरसय्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

एकसष्टीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. साहेब हारात बुडाले होते. सरांनी मानपत्र वाचलं. असं वाचन मी पूर्वी ऐकलं नव्हतं. प्रत्येक दाऊवर ते किंचित थांबत, साहेबांच्या डोळ्यांत बघत आणि मग क्रियापद उच्चारत, शेवटच्या स्-ट्‌ला पुरता न्याय देऊन. साहेब डोळे मिटून मान डोलावत होते. मी पदराखाली बोटांवर मोजत होते. आठ… नऊ… दहा… मुख्याध्यापक खाली मान घालून आपल्या चपलांकडं बघत होते. नरसय्या मागं सतरंजीवर बसले होते. त्या दिवशी त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती, तरी ते तिथंच जाऊन बसले होते. बारावा दाऊ आला तेव्हा त्यांनी टोपी नीट केली.

टाळ्या थांबेनात. साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे! काय इंग्रजी हाय तुजं!" आणि तिथल्या तिथं जाहीर केलं की या पोराची नोकरी उद्यापासून कायम.

पटांगणात मी सरांना गाठलं. मला नाचावंसं वाटत होतं. ते पांढरेफटक पडले होते. "बक्षीस दिलं हो त्यानं मला…" ते म्हणाले. "ज्याला कळलंच नाही, त्याच्यावर सूड कसला?"

पाच वर्षं तो पडदा सभागृहात साहेबांच्या खुर्चीमागं लटकत होता. पाच वर्षं सर त्याच्याखालून ये-जा करत होते. बहिणींची लग्नं झाली, त्यांचं स्वतःचं झालं, एक मुलगी झाली. साहेब त्यांना तूच म्हणत राहिले. कधी कधी सर सभागृहात एकटे उभे राहून पडद्याकडं बघताना दिसायचे. मी एकदा विचारलं, "काय बघताय?" म्हणाले, "एखादी चूक सापडते का बघतोय. सापडली तर बरं होईल, निदान तेवढ्यापुरतं तरी खाली उतरवतील." चूक नव्हती.

ते गेल्यानंतर आठव्या दिवशी त्याच सभागृहात शोकसभा झाली. साहेब अध्यक्षस्थानी, मागं तो पडदा. दोघातिघांनी भाषणं केली. मग साहेब उठले. मला त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात. "राजेशम माज्या घरचाच होता. मी त्याला कदी परका मानला न्हाई. तुमी समद्यांनी ऐकलंय, मी त्याला कायम तू म्हणायचो. माया असल्याबिगर मानूस तू म्हनत न्हाई."

माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत शेवटी होतं. कागदावर मी चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या पर्समध्येच राहिल्या. मी ध्वनिक्षेपकासमोर जाऊन म्हटलं, "साहेब म्हणाले ते खरं आहे. सरांनाही साहेबांविषयी तेवढीच माया होती. सरांनीही साहेबांना तू म्हटलेलं आहे. ते इथं मागं लिहिलेलं आहे. मुलांनो, सरांनी तुम्हाला दाऊ शिकवला होता ना? दाऊ म्हणजे काय?"

पुढच्या दोन रांगांत दहावीची मुलं होती.  मग एका मुलीचा बारीक आवाज आला, "तू." आणि मग सगळा वर्ग, पाढे म्हणावेत तसा, "तू!"

मी पडद्याकडं वळले आणि पहिल्या ओळीपासून मराठीत वाचायला लागले. तू या घराचा प्रमुख आहेस. तू प्रत्येकाला त्याची जागा दाखवलीस. तू कुणाला बरोबरीचा मानत नाहीस… साहेब आधी हसतमुखानं ऐकत होते. तिसऱ्या ओळीला हसणं गेलं. पाचव्या-सहाव्या ओळीला ते खुर्चीत मागं वळून पडद्याकडं बघायला लागले, जणू अक्षरं आता तरी वाचता येतील. मी थांबले नाही.  जिथं तू बसतोस, तिथं दुसऱ्या कुणाला बसता येत नाही, हे म्हटलं तेव्हा सभागृहात मागं कुणी तरी हुंदका दिला. तुझ्या लायकीप्रमाणे तुझी आठवण राहील. चिरकाल बसून राहा तू. बारा झाले. मी खाली उतरले.

साहेबांनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं. "खरं हाय का ह्ये?"

मुख्याध्यापक उठले. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलत असावेत. "होय साहेब. अर्थ तोच आहे."

"तुला म्हाईत हुतं?"

"मला इंग्रजी येतं साहेब. एकसष्टीच्या दिवसापासून माहीत होतं."

साहेबांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या. ते ओरडले, "मारुती! शिडी आन! काढ ते खाली!"

मारुती दाराशी उभा होता. त्याच्या पाठीमागं व्हरांड्याच्या भिंतीला शिडी टेकवलेली होती, आम्हा सगळ्यांना दिसत होती, साहेबांनाही दिसत असणार. तीस वर्षं साहेबांचा तू ऐकलेला तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "शिडी न्हाई साहेब."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर साहेबांना बरं झालं असतं. त्यांनी काठी उचलली आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या मुलांच्या मधून, पाय आखडून वाट देणाऱ्यांच्या मधून, ते बाहेर गेले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. तो माणूस सहासष्ट वर्षांचा आहे, गुडघ्यानं अधू आहे, हे मला दिसत होतं. तरी मला दया आली नाही. आली असती तर मी ते लिहिलं असतं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तरात लिहिलं की भाषांतरातली चूक दाखवून द्यावी, लेखी माफी मागेन. अजून कुणी दाखवलेली नाही. मे महिन्यात मी निवृत्त होते आहे. पडद्याचं काय करायचं हे संस्थेला सुचत नाही. काढला तर का काढला ते गावाला सांगावं लागेल, ठेवला तर साहेबांना त्याखाली बसावं लागेल. सध्या साहेब शाळेत येत नाहीत. हा लेख त्यांच्या बंगल्यावर रविवारी सकाळी पोचेल. साहेब, तुम्ही तो कुणाकडून तरी वाचून घ्या. मी तुम्हाला तुम्ही म्हणते आहे, इकडं लक्ष असू द्या.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्व भागात सरांच्या घरी गेले. सगळं सांगावं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल, असं मनात होतं. नरसय्या आता मागावर जात नाहीत. बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते. मी सांगत गेले, शिडीपर्यंत सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कळेना. सरांची बायको लक्ष्मी आतून चहा घेऊन आली आणि दाराआड उभी राहिली.

भिंतीवर खुंटीला सरांचा पांढरा बुशशर्ट अडकवलेला होता, इस्पितळात जायच्या दिवशी काढून ठेवलेला. खिशात पेन तसंच राहिलं होतं. शाई गळून खिशाखाली हाताच्या पंजाएवढा निळा डाग पडला होता. लक्ष्मी हळूच मला म्हणाली, "धुवाया काढला तर मामंजी हात लावू देत न्हाईत."

नरसय्या उठले. शर्टाजवळ गेले, बाही हातात घेतली आणि तेलुगूत काही तरी बोलायला लागले, समोर माणूस उभा असल्यासारखं, कुरकुरत, जरा रागावूनही. मला तेलुगू येत नाही. पण मुलगा मास्तर झाल्यापासून हे वडील त्याला 'नुव्वु' म्हणजे तू म्हणायचं सोडून आदरानं 'मीरु' म्हणजे तुम्ही म्हणायचे, हे सरांनी मला एकदा ओशाळून सांगितलं होतं. कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत, म्हणाले होते.

मी कान देऊन ऐकलं. म्हातारा 'मीरु' म्हणत नव्हता. 'नुव्वु', 'नुव्वु' म्हणत होता.

मी लक्ष्मीकडं पाहिलं. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. चहा निवत होता. पलीकडच्या घरातले माग चालूच होते, आणि त्या आवाजात म्हातारा शर्टाची बाही धरून मुलाशी बोलत होता.